पावतीचे आकडे मराठी झाले आणि बेरीज चुकली: एका सर्व्हरच्या लोकेलचं प्रकरण

एका सभासद-संस्थेने जुना सर्व्हर बाजूला काढून नवा बसवला. त्यावर चालणारं काम फार मोठं नाही: सभासदांची नोंदणी, वर्गणीच्या पावत्या आणि रात्री दिवसभराच्या जमेचा गोषवारा. मुख्य प्रोग्राम जावात लिहिलेला, मागे पोस्टग्रेस डेटाबेस आणि भोवती वर्षानुवर्षं साचत गेलेल्या शेल व पायथन स्क्रिप्ट. जुन्या लिनक्सवर यंत्रणेची भाषा मराठी होती, म्हणून नव्यावर इन्स्टॉल करतानाही भाषा मराठी, प्रदेश भारत असंच निवडलं गेलं. भाषा-प्रदेशाच्या या सेटिंगला लोकेल म्हणतात. डेटा हलवला, प्रोग्राम चालू झाला, लोक कामाला लागले.

पहिला फरक पावत्यांवर दिसला. पावती क्रमांक आणि रक्कम देवनागरी आकड्यांत छापून येऊ लागली. तक्रार कोणीच केली नाही. उलट नव्या सर्व्हरने एवढं तरी बरं केलं, अशीच भावना होती. बिघाडाचं असं कौतुक झालं की तो सापडायला वेळ लागतो.

तक्रार आली ती हिशेबाकडून. रात्री दोन गोषवारे निघत. एक जुन्या शेल स्क्रिप्टमधून, ऑक हे मजकूर-फाइली वाचणारं साधन वापरून. दुसरा नंतर कोणीतरी लिहिलेल्या पायथन स्क्रिप्टमधून. दोन्ही एकाच निर्यात फाइलवर चालत आणि दोन्हींची बेरीज जुळली की हिशेबनीस निर्धास्त. आता पायथनची बेरीज बरोबर येई, ऑकची कमी. काही दिवशी थोडी कमी, काही दिवशी थेट शून्य. त्याच सुमारास नोंदणीच्या खिडकीवर वेगळाच ताप सुरू झाला. सभासद क्रमांक टाकला की ‘सापडला नाही’. माणूस समोर उभा, हातात कार्ड, कार्डावर क्रमांक स्वच्छ. रांग वाढत असली की खिडकीवरचे लोक त्याची नव्याने नोंद करून मोकळे होत. डेटाबेसमध्ये सभासद क्रमांकावर अद्वितीयतेचा निर्बंध होता, म्हणजे तोच क्रमांक दोनदा बसू नये अशी अट होती, तरी ही दुसरी नोंद बिनबोभाट आत जाई.

सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने लॉगिन केलं, प्रोग्राम बंद करून हाताने पुन्हा चालू केला आणि सगळं ठीक झालं. पुढे सुरक्षा अपडेटसाठी यंत्र रीबूट झालं आणि दुखणं परत आलं. हाताने चालू केलं की बरं, यंत्राने आपोआप चालू केलं की वाईट. असं असलं की माझा संशय प्रोग्रामवरून उठतो आणि तो कोणत्या वातावरणात जन्माला येतो, तिकडे जातो. प्रकरण माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर.

बाइट काय म्हणतात

पडद्यावर दिसणारं अक्षर हा पुरावा नव्हे. निर्यात फाइलीतली एक ओळ ओडी या, बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या आज्ञेतून काढली. जिथे 001245 हवं होतं, म्हणजे षोडशमान लेखनात 30 30 31 32 34 35 असे सहा बाइट, तिथे अठरा बाइट होते: ई0 ए5 ए6, पुन्हा ई0 ए5 ए6, मग ई0 ए5 ए7, आणि असंच पुढे. युनिकोड या, जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत देवनागरी शून्य ते नऊ हे आकडे 0966 ते 096एफ या जागांवर आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे छापताना आकडे मराठी दिसत होते एवढंच नव्हतं. ते साठवलेच मराठी जात होते. डेटाबेससाठी 000417 आणि ०००४१७ या दोन वेगळ्या अक्षरमाला. त्यामुळे अद्वितीयतेच्या निर्बंधाने दुसरी नोंद अडवण्याचं कारणच नव्हतं.

मग पायथनची बेरीज बरोबर का येत होती? पायथनची इंट आणि फ्लोट ही, मजकुराची संख्या करणारी फंक्शनं युनिकोडमधले कुठल्याही लिपीचे दशमान आकडे मुकाट्याने वाचतात. जावाचं पार्सइंटही वाचतं. म्हणून जावाने लिहिलेलं जावाला वाचता येत होतं, पायथनला येत होतं, आणि सगळं आलबेल वाटत होतं. ऑकला ‘१२५०.००’ हा आकडा वाटत नाही. पण तो तसं सांगतही नाही. जे आकड्यासारखं नाही त्याची किंमत शून्य धरून बेरीज पुढे नेतो. पोस्टग्रेसने तरी ‘१२’ चा पूर्णांक करायला सांगितलं तर चूक दाखवून थांबलं असतं, पण इथे सभासद क्रमांक मजकुराच्या रकान्यात होता. रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरात नमुने शोधणाऱ्या खुणांची, तऱ्हा आणखी न्यारी: आकडा ओळखणारी तीच खूण पायथनच्या मजकुरात देवनागरी आकडे स्वीकारते, जावात आणि जावास्क्रिप्टमध्ये स्वीकारत नाही. एकाच फाइलीवर चार साधनं चालवली आणि चौघांची ‘आकडा’ या गोष्टीची कल्पना वेगळी असली, तर असली प्रकरणं व्हायचीच.

आकडे मराठी कोणी केले

प्रोग्राममध्ये सभासद क्रमांक सहा आकडी करण्यासाठी स्ट्रिंग.फॉरमॅट वापरलं होतं: संख्या घ्या, डावीकडे शून्यं भरा. जावाच्या या पद्धतीला लोकेल वेगळं दिलं नाही, तर ती चालू प्रक्रियेचं डिफॉल्ट लोकेल घेते आणि त्या लोकेलचे आकडे वापरते. भरलेली शून्यंसुद्धा त्याच लिपीतली. याउलट संख्या थेट मजकुराला जोडली, मधे फॉरमॅट न घालता, तर आकडे साधेच राहतात. प्रोग्राममध्ये दोन्ही रीती मिसळलेल्या होत्या. त्यामुळे काही ठिकाणी मराठी आकडे येत, काही ठिकाणी इंग्रजी, आणि सुरुवातीला त्यात काही सूत्र दिसत नव्हतं.

खिडकीवरचा गोंधळही इथेच उलगडला. कर्मचारी 417 टाइप करी. प्रोग्राम त्याची संख्या करी, मग फॉरमॅटमधून ०००४१७ बनवी आणि डेटाबेसमध्ये ते शोधी. जुना सभासद 000417 म्हणून बसलेला, सापडणार कसा? प्रोग्राम हाताने चालू केलेल्या काळात बरोबर उलटं होई: मराठी आकड्यांच्या काळात नोंदलेले सभासद तेवढे गायब.

इथे तंत्रज्ञाने रास्त प्रश्न विचारला. जुन्या सर्व्हरवरही भाषा मराठीच होती आणि तिथे हे कधी झालं नाही. मग मराठी सेटिंगला दोष कसा द्यायचा?

जुन्यावर जावा ८ होतं, नव्यावर जावा १७. जावा ८ डिफॉल्टने स्वतःची जुनी लोकेल-माहिती वापरत असे. त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. मराठी मागितली की ते गुपचूप मूळ, भाषानिरपेक्ष माहितीवर जाई आणि आकडे साधे राहत. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून डिफॉल्ट माहिती सीएलडीआर या युनिकोडच्या भांडारातून येते. त्यात मराठी आहे आणि मराठीचे डिफॉल्ट आकडे देवनागरी आहेत. म्हणजे सेटिंग अक्षर न अक्षर तेच, पण त्यामागचा कोश बदलला. ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ हे फक्त नाव आहे. त्या नावाचा अर्थ काय लावायचा हे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या कोशातून ठरवतो. त्याच यंत्रावर, त्याच लोकेलमध्ये, टर्मिनलवर क्रमाने आकडे छापणारी सेक आज्ञा चालवली तर ती 1, 2, 3 असेच आकडे देत होती, कारण सी भाषेतलं साधं प्रिंटएफ मुद्दाम सांगितल्याशिवाय आकड्यांची लिपी बदलत नाही. ‘यंत्र मराठीत आहे’ या वाक्याला त्यामुळे तांत्रिक अर्थ फारसा उरत नाही.

हाताने चालू केलं की का सुधारायचं

लोकेल यंत्राला चिकटलेलं नसतं, प्रत्येक चालू प्रक्रियेला असतं. आणि ते तिला जन्म देणाऱ्या प्रक्रियेकडून वारशाने मिळतं. बूट होताना सिस्टिमडी हे, सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) सुरू करणारं साधन, यंत्रणेची लोकेल फाइल वाचतं आणि आपण सुरू केलेल्या प्रत्येक सेवेला ती मूल्यं देतं. म्हणून आपोआप चालू झालेला प्रोग्राम मराठीत. तंत्रज्ञ मात्र आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या सोयीने, येत होता आणि त्याचा लॅपटॉप इंग्रजीत. डेबियनसारख्या वितरणांत एसएसएचचा क्लायंट लोकेल ठरवणारे लँग आणि एलसी_ ने सुरू होणारे व्हेरिएबल सोबत पाठवतो आणि सर्व्हर ते स्वीकारतो. दोन्हीकडे मूळ कॉन्फिगरेशनमध्येच तशी ओळ असते. त्यामुळे सर्व्हरवर बसूनही त्याचं सत्र इंग्रजीत चाले आणि त्या सत्रातून स्क्रिप्टने उठवलेला प्रोग्राम इंग्रजीचा वारसा घेई. त्याने सिस्टिमडीच्या सिस्टिमसीटीएल आज्ञेने रिस्टार्ट केलं असतं, तर हा फरक पडलाच नसता, कारण तेव्हा प्रोग्रामला जन्म देणारं त्याचं सत्र नसून सिस्टिमडी असतं.

हे तर्काने सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं. प्रॉक फाइल-प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये एन्व्हिरॉन नावाची फाइल असते. त्यात ती प्रक्रिया सुरू झाली तेव्हाचे व्हेरिएबल शून्य-बाइटने विभागून ठेवलेले असतात. शून्य-बाइटच्या जागी नवी ओळ घातली की यादी वाचता येते. सेवेच्या प्रक्रियेत लँग मराठी, हाताने उठवलेल्या प्रक्रियेत लँग इंग्रजी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर आणखी काही सांगावं लागलं नाही. टर्मिनलमध्ये लोकेल आज्ञा देऊन जे दिसतं ते तुमच्या सत्राचं असतं, सेवेचं नाही. अशा तपासात बहुतेकांचा वेळ त्या आज्ञेवर विसंबून जातो.

एलसी_न्यूमेरिकचा फसवा रस्ता

उपाय म्हणून पहिली सूचना आली ती स्वाभाविकच: बाकी सगळं मराठी राहू द्या, आकड्यांपुरतं एलसी_न्यूमेरिक ‘सी’ (कुठल्याच भाषेचं नसलेलं मूळ लोकेल) करा. व्हेरिएबलचं नावच सांगतं की ते आकड्यांसाठी आहे. प्राधान्यही सरळ आहे: एलसी_ऑल असेल तर सगळ्यांवर त्याचीच हुकमत, नसेल तर त्या-त्या विभागाचं एलसी_ व्हेरिएबल, तेही नसेल तर लँग. बदल केला, सेवा पुन्हा चालू केली, आणि आकडे मराठीच.

कारण असं की लिनक्सवर जावा आपलं फॉरमॅटचं लोकेल एलसी_न्यूमेरिकमधून घेतच नाही. ते एलसी_सीटाइपमधून घेतं आणि पडद्यावरच्या मजकुराची भाषा एलसी_मेसेजेसमधून. एलसी_सीटाइप म्हणजे खरं तर अक्षरांचं वर्गीकरण आणि एन्कोडिंग. त्यावरून आकड्यांची लिपी ठरवणं मला आजही विचित्र वाटतं, पण आहे ते असं आहे.

मग एलसी_सीटाइप ‘सी’ करावं का? नाही. नुसत्या ‘सी’ लोकेलचं एन्कोडिंग आस्की आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरतंच. तसं केलं असतं तर मराठी नावाच्या फाइली उघडताना जावाला नावात प्रश्नचिन्हं दिसली असती, आणि आकड्यांचं दुखणं काढताना अक्षरांचं मागे लागलं असतं. ‘सी.यूटीएफ-८’ हवं: वागणूक ‘सी’ची, एन्कोडिंग युनिकोडचं. डेबियनमध्ये ते आधीपासून होतं. लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीच्या मूळ रूपात ते २०२२ च्या २.३५ आवृत्तीत आलं.

काय बदललं

यंत्रणेचं लोकेल ‘सी.यूटीएफ-८’ केलं. सर्व्हरला वाचायला कोणी माणूस बसलेला नसतो. त्याच्यावर चालतात त्या सेवा आणि स्क्रिप्ट, आणि त्यांना एकमेकींशी बोलताना महिन्यांची मराठी नावं किंवा देवनागरी आकडे नकोच असतात. सेवेच्या युनिट फाइलीत, म्हणजे ती कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलीत, लँग स्पष्ट लिहिलं, म्हणजे उद्या कोणी यंत्रणेची भाषा बदलली तरी सेवा हलणार नाही. एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधली बाहेरचं लोकेल स्वीकारणारी ओळ काढली. यावर थोडी कुरकुर झाली, पण लोकेल पाठवायची सोय दुसऱ्या टोकाला तेच लोकेल तयार केलेलं असेल तरच उपयोगी. नाहीतर पर्ल आणि बॅश इशारे देत बसतात. ज्याला आपल्या सत्रात मराठी हवी त्याने आपल्या प्रोफाइलमध्ये तसं लिहावं.

खरी दुरुस्ती कोडमध्ये होती. जे दुसरं यंत्र वाचणार आहे, म्हणजे क्रमांक, निर्यात फाइली, फाइलींची नावं, तिथे फॉरमॅटला लोकेल.रूट, म्हणजे भाषानिरपेक्ष लोकेल, स्पष्ट दिलं. जे माणूस वाचणार आहे, म्हणजे पावती, तिथे मराठी लोकेल तितकंच स्पष्ट दिलं, कारण देवनागरी आकड्यांची आता सगळ्यांना सवय झाली होती आणि ते काढून घेण्याचं कारण नव्हतं. कुठे मराठी मजकूर पण इंग्रजी आकडे हवे असतील, तर लोकेलच्या नावाला ‘यू-एनयू-लॅटन’ असा विस्तार जोडता येतो. सीएलडीआरचे नियम पाळणारी साधनं तो मानतात. शोधाच्या रकान्याला मात्र हात लावला नाही. पार्सइंट दोन्ही लिपी वाचत असल्याने कर्मचारी कुठल्याही कीबोर्डवरून क्रमांक टाकू शकतो.

डेटाबेसची क्रमवारी बदलू नये, याकडे मी आवर्जून लक्ष दिलं. पोस्टग्रेसमध्ये मजकुराच्या क्रमाचं लोकेल डेटाबेस तयार होतानाच ठरतं. नंतर यंत्रणेचं लँग बदलून ते बदलत नाही, आणि इथे तेच हवं होतं. ‘सी’चा क्रम म्हणजे निव्वळ युनिकोडचा क्रम. त्यात ळ येतो ल आणि व यांच्यामध्ये, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. सभासदांची छापील यादी तशी लागली असती तर पहिल्याच दिवशी फोन आला असता. शेल स्क्रिप्टमधलं सॉर्ट मात्र आता ‘सी’ क्रमाने चालतं आणि ते चांगलंच आहे: सॉर्ट एका लोकेलमध्ये आणि दोन फाइली जोडणारं जॉइन दुसऱ्यात चाललं की ‘फाइल क्रमाने नाही’ अशी कुरकुर किंवा, त्याहून वाईट, गळालेल्या जोड्या मिळतात. बॅकअपच्या फोल्डरांना महिन्याच्या नावाऐवजी वर्ष-महिना-दिवस असं नाव दिलं.

सगळ्यात जास्त मेहनत डेटा निस्तरण्यात गेली. रूपांतर एका ओळीचं: ट्रान्सलेट फंक्शनला दहा देवनागरी आकडे आणि त्यांच्या जागी दहा साधे आकडे दिले की काम झालं. पण ते सरसकट चालवलं असतं तर अद्वितीयतेच्या निर्बंधावर आपटलं असतं, कारण दुबार नोंदलेल्या सभासदांचे दोन्ही क्रमांक आता एक झाले असते. म्हणून आधी रूपांतरित क्रमांकानुसार गट करून ज्या गटात एकाहून जास्त नोंदी निघतात त्यांची यादी काढली. ती यादी नोंदणीच्या माणसांकडे दिली. कोणती नोंद खरी, कोणत्या नोंदीवरच्या पावत्या कुठे न्यायच्या, नवा पत्ता कोणता, हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. त्या नोंदी हाताने एकत्र झाल्यावरच उरलेल्या रकान्यावर रूपांतर चालवलं आणि डेटाबेसच्या त्याच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) रकान्यावर नवा निर्बंध घातला: इथे 0 ते 9 हेच आकडे चालतील.

शेवटी प्रोग्रामच्या सुरुवातीला एक छोटी तपासणी टाकली. चालू होताच तो आपलं फॉरमॅटचं लोकेल आणि एन्कोडिंग लॉगमध्ये लिहितो, लोकेल न देता एक संख्या फॉरमॅट करून पाहतो आणि आकडे साधे आले नाहीत तर थांबतो. तपासणीने पहिल्यांदा अडवलं ते सर्व्हरवर नाही, एका डेव्हलपरच्या विंडोज लॅपटॉपवर. त्याने प्रादेशिक स्वरूप मराठी ठेवलं होतं, पडद्याची भाषा इंग्रजी. आणि विंडोजवर जावा फॉरमॅटचं लोकेल प्रादेशिक स्वरूपातून उचलतं. त्याला वाटलं होतं की विंडोजमध्ये ‘स्थानिक आकडे वापरा’ हा पर्याय बंद असला की पुरे. पण तो पर्याय फक्त दाखवण्यापुरता आहे. साठवलेलं अक्षर साधंच राहतं, पडद्यावर तेवढं देवनागरी दिसतं. मला ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, पण जावा तिला विचारत नाही. त्याच्या मशीनवर फॉरमॅटची भाषा जावाच्या सुरुवातीच्या पर्यायांत लिहून दिली आणि प्रोग्राम चालू झाला.